हळद कुकर पेटवण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा



हळद काढणी सुरू झाली की कुकर गावोगाव फिरतात. आजचा सल्ला कुकरजवळ उभ्या असणाऱ्या माणसांसाठी.

मागच्या हंगामात एका शेतात पाहिलं, सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा तारेनं आवळलेला. विचारलं तर म्हणे, "वाफ फुकट जाते ना भाऊ, म्हणून बांधला." भाऊ, ती वाफ बाहेर पडते म्हणूनच टाकी जागेवर राहते.

१ लिटर पाण्याची मोकळ्या हवेत साधारण १,६०० लिटर वाफ होते. काट्यावर १ किलो दाब असतो तेव्हा आतलं पाणी १२० अंशांजवळ असतं. ड्रमकडे जाणारी नळी मातीच्या गाळानं बुजली आणि जाळ सुरूच राहिला तर दाब चढतो. मग सुटकेची वाट एकच, सेफ्टी व्हॉल्व्ह.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जास्त जपा. खारं पाणी आटलं की क्षार मागे राहतो, गंज धरतो आणि व्हॉल्व्ह आतून चिकटतो. बाहेरून तो चांगलाच दिसतो. शक्यतो गोडं पाणी वापरा.

✅ थंड असताना
१. व्हॉल्व्हवर लिहिलेला दाब वाचा. तो टाकीच्या पाटीवरच्या दाबापेक्षा जास्त नसावा.
२. तार, वीट, जास्तीचं वजन काढून टाका. टाकी आणि व्हॉल्व्हमध्ये कॉक नको.
३. तोंडाशी गंज, माती, गांधीलमाशीचं घर नाही ना, पहा.
४. काटा शून्यावर येतो का? नसेल तर बदला.

✅ रोज, पहिल्या घाण्याला
लिहिलेल्या दाबाच्या पाऊणपट दाब आला की दांड्याला दोरी बांधून, बाजूला उभं राहून ओढा. वाफ जोरात सुटली पाहिजे. सोडल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला पाहिजे. झिरपत असेल तर कचरा अडकला आहे. वाफ सुटलीच नाही तर काम बंद!

⚠️ दाब चढतोय, व्हॉल्व्ह उघडत नाही
जाळ ओढून काढा, माणसं दूर करा. काच नळीत पाणी दिसत नसेल तर थंड पाणी अजिबात सोडू नका. व्हॉल्व्हला हात लावू नका, थंड होऊ द्या.

स्प्रिंग स्वतः आवळू नका. कोणत्या दाबाला व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, ही चाचणी हंगामाआधी जाणकार मिस्त्रीकडून करून घ्या आणि तारीख वहीत लिहा. बाष्पक २५ लिटर व १ किलो दाबाच्या वरचं असेल तर बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी लागते.

कुकर भाड्यानं आणताना दर विचारता, तसा व्हॉल्व्हही पहा. दोरी ओढून दाखवायला सांगा. लेकरांना भट्टीपासून लांब ठेवा.

– आपला कृषी सल्लागार
(हा मेसेज कुकरवाल्या भावांना नक्की पाठवा)