पाणी रोखणारे, घाम सोडणारे पादत्राण : रचनेमागील विज्ञान

भातलावणीची खाचरे, मासळीबाजार, सांडपाण्याच्या वाहिन्या, कातडी कमावण्याचे कारखाने अशा अनेक ठिकाणी देशातील श्रमिक दिवसाचे कित्येक तास ओल्यात उभे राहून काम करतात. पायाची त्वचा सतत ओली राहिली की तिचा बाह्य थर फुगतो, मऊ पडतो आणि थोड्याशा घर्षणानेही सोलवटतो. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हा याच प्रक्रियेचा परिचित परिणाम होय. अशा मऊ पडलेल्या त्वचेतून व बारीक जखमांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ पसरली होती. कामगाराला पाणी आत न येणारे बूट पुरवावेत, हा उपाय त्यामुळे स्वाभाविक वाटतो. परंतु तो अर्धाच आहे. पादत्राणात ओल दोन मार्गांनी येते : बाहेरून पाणी आणि आतून घाम. तळपायावर घर्मग्रंथींची दाटी शरीराच्या बहुतेक भागांपेक्षा अधिक असते. म्हणूनच बाहेरचे पाणी पूर्णपणे रोखणाऱ्या रबरी गमबुटातही संध्याकाळपर्यंत पाय भिजलेलाच असतो.

या प्रश्नाचे गांभीर्य प्रथम सैन्यांना उमगले. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडीवरील खंदकांत दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय सुजले, बधिर झाले, काहींचे कुजले. 'ट्रेंच फूट' या नावाने ओळखला जाणारा हा विकार हिमदंशाहून वेगळा आहे. तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही तो होतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने नेमका उलटा मार्ग पत्करला. तेथील पाणथळ प्रदेशात पाणी बाहेर ठेवणे अशक्य, हे मान्य करून सैनिकी बुटांच्या वरच्या भागात कापडाचा वापर केला गेला आणि तळाजवळ निचऱ्याची छिद्रे ठेवली गेली. आत आलेले पाणी लवकर बाहेर जावे आणि बूट लवकर वाळावा, हे त्यामागील सूत्र. पाणी अडवणे आणि पाणी वाहू देणे हे दोन्ही रचनेचे वैध पर्याय आहेत. निवड परिस्थितीनुसार करावी लागते.

पडदा आणि पावसाळा

चामडे हे या बाबतीत मोठे गुणी द्रव्य आहे. कोलॅजन तंतूंच्या जाळीतून बाष्प बाहेर जाते, शिवाय तंतू स्वतःही बरेच बाष्प शोषून ठेवतात. मात्र प्रक्रिया न केलेले चामडे पावसाचे पाणीही शोषते. ते रोखण्यासाठी कमावताना तेले, मेण वा सिलिकोन मुरवले जाते. फ्लोरिनयुक्त रसायने अधिक परिणामकारक ठरली. पण ती निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांच्यापैकी पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत समाविष्ट झाले.

१९६९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांनी पीटीएफई हे बहुवारिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार केला. छिद्रे पाण्याच्या थेंबाहून अतिशय लहान, पण बाष्पाच्या रेणूहून कितीतरी मोठी. थेंब अडतो, बाष्प निसटते. 'श्वास घेणारा' असे या पडद्याचे वर्णन जाहिरातींत केले जाते. ते फसवे आहे, कारण पडदा काहीही ओढत वा ढकलत नाही. आतील व बाहेरील बाष्पदाबातील फरक हीच येथील प्रेरक शक्ती होय.

हा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट होतो. बुटाच्या आत ३५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवा असेल तर बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. बाहेर ५ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असल्यास तेथील बाष्पदाब सुमारे ०.७, म्हणजे फरक ४.९. पावसाळ्यात कोकणात किंवा आसामात ३० अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरचा दाब ३.८ आणि फरक केवळ १.८. थंड प्रदेशात उत्तम ठरणारा तोच पडदा येथे जेमतेम एक तृतीयांशाहून थोडे अधिक काम करतो. त्यातच वरचे कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसला की बाष्पाची वाट आणखी अडते. महागडा आयात बूट भारतीय पावसाळ्यात निराशा करतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मानक काय मागते?

सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ (भाग २) हे भारतीय मानक आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले आहे. कामगारांच्या संरक्षक पादत्राणांसाठी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशही निघाला. या मानकातील जलबाष्पविषयक अटींचे गणित अभ्यासण्यासारखे आहे. वरच्या भागाच्या चामड्यातून दर चौरस सेंटिमीटरला ताशी किमान ०.८ मिलिग्रॅम बाष्प बाहेर जावे लागते. हे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरल्यास ताशी ०.४ ग्रॅम बाष्प बाहेर पडेल. कष्टाच्या कामात मात्र एका पायाला ताशी कित्येक ग्रॅम घाम येऊ शकतो. म्हणजे केवळ पारगम्यतेवर विसंबून चालत नाही.

मानककर्त्यांनी हे ओळखून बाष्प गुणांकाची दुसरी अट घातली. पारगम्यतेची आठ पट अधिक शोषलेले बाष्प, अशी त्याची व्याख्या असून तो किमान १५ असावा लागतो. आठ हा आकडा आठ तासांच्या पाळीशी जुळतो. पारगम्यता किमान मर्यादेइतकीच, म्हणजे ०.८ असेल तर आठ तासांचे ६.४ होतात, उरलेले ८.६ मिलिग्रॅम चामड्याने शोषून धरले पाहिजेत. पायाखालच्या आतल्या तळासाठीही सर्वसाधारणपणे अशीच अपेक्षा असते : दर चौरस सेंटिमीटरला किमान ७० मिलिग्रॅम पाणी शोषावे आणि त्यातील किमान ८० टक्के पुन्हा सोडावे. चांगले पादत्राण घामाची दिवसभर साठवण करते आणि रात्री ती रिकामी करते.

संपूर्ण रबर वा प्लॅस्टिकच्या गमबुटांना बाष्पाची अट लागू नाही, कारण ते द्रव्य ती पुरी करूच शकत नाही. त्यांची परीक्षा गळतीची असते : बूट पाण्यात बुडवून आत १० किलोपास्कल दाबाने हवा भरतात आणि बुडबुडे येतात का, ते पाहतात. अशा बुटांत घाम टिपण्याचे काम मोज्यांवर पडते. सुती मोजा भिजला की ओला राहून त्वचेला चिकटतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषूनही फारशी ओली भासत नाही. परंतु उष्ण प्रदेशात ती कोण वापरणार?

बाहेरचे पाणी बहुधा चामड्यातून नव्हे, तर शिलाईच्या छिद्रांतून, जिभेच्या कडांतून आणि तळाच्या सांध्यातून शिरते. त्यामुळे जीभ दोन्ही बाजूंनी घडी घालून वरच्या भागाला जोडतात, शिलाईवर आतून पट्टी चिकटवतात आणि तळ शिवण्याऐवजी साच्यात थेट ओतून बसवतात. बूट पायाला घट्ट असेल तर चालताना आतली हवा खेळत नाही, ही बाबही येथे लक्षात घ्यावी लागते.

खरेदीच्या निविदांत मात्र बहुधा 'जलरोधक' एवढाच शब्द असतो आणि कामगाराच्या वाट्याला एकच जोड येतो. ८० टक्के पाणी सोडण्याची चाचणी प्रयोगशाळेच्या नियंत्रित, तुलनेने कोरड्या हवेत होते. जुलै महिन्यातील दमट खोलीत बूट एका रात्रीत तितका वाळत नाही. परिणामी दुसऱ्या दिवशी साठवण भरलेल्या अवस्थेतच बूट पायात चढतो आणि मानकाची सारी गणिते पहिल्या दिवसापुरती उरतात. आलटूनपालटून वापरण्यासाठी दोन जोड, काढता येणारा आतला तळ आणि कामाच्या ठिकाणी बूट वाळवण्याची हवेशीर जागा यांवरील खर्च कोणत्याही आयात पडद्यापेक्षा कमी आहे.