‘आमच्याकडे प्रत्येक मूल शिकतं’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही पुण्याहून पंजाबातल्या खरडला, चंदीगडच्या शेजारी, राहायला आलो. मुलीला तिसरीत घालायचंय. प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात ‘आमच्याकडे प्रत्येक मूल शिकतं’ असं असतंच. मुलगी वाचनात थोडी मागे आहे, पंजाबीची गुरुमुखी लिपी तर तिला अगदी नवीन. हे वाक्य मनापासून पाळणारी शाळा कशी ओळखावी?
– एक वाचक, खरड

उत्तर : मुलासाठी शाळा स्वतःत काय बदल करते, तेवढं पाहा.

याचं एक उदाहरण सांगतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं शाळेत येईनात. सकाळ झाली की गुरं चारायला जायचं, नाहीतर धाकटं भावंड सांभाळायचं. शाळेला वेळ कुठला? आईबापांना शिक्षणाची आस्था नाही, असं म्हणून ताराबाई-अनुताईंना मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी शाळाच हलवली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, पानं, दगड, शिंपले आले. वस्तीतल्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीला ‘अंगणवाडी’ म्हणत. पुढे 1975मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ते नाव देशभर पोहोचलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण ‘प्रत्येक मूल शिकतं’ म्हणजे काय ते त्या शाळेच्या वेळेत, जागेत आणि साधनांत दिसत होतं.

आता तुमच्या मुलीचं. पंजाबात 2008च्या कायद्याने पहिली ते दहावी पंजाबी सक्तीची आहे, त्यामुळे गुरुमुखीचा प्रश्न टळणारा नाही. मुख्याध्यापकांना सरळ विचारा : तिसरीत नव्याने आलेल्या मुलाला गुरुमुखी कोण शिकवतं, आणि शाळेच्या वेळेत की नंतर? ‘बाहेर ट्यूशन लावा’ हे उत्तर आलं, तर माहितीपत्रकातलं ते वाक्य खोटं आहे असं समजा. वाचनाबद्दलही तसंच विचारा. मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष द्यायला वेगळे शिक्षक आहेत का, गेल्या वर्षी अशा मुलांसाठी काय केलं? खरंच काम करणारे शिक्षक लगेच एखादं उदाहरण सांगतात.

प्रवेशासाठी मुलीची परीक्षा किंवा तुमची मुलाखत मागितली, तर सावध व्हा. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13नुसार अशी चाळणी लावता येत नाही (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही). हा नियम पहिल्यांदा मोडल्यास 25 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

गुरुमुखीची धास्ती मात्र नको. मुळाक्षरांची सुरुवात वेगळी असली, तरी पुढे क, ख, ग, घ हाच क्रम येतो; मात्रांची पद्धतही ओळखीची आहे. घरी मराठी वाचन चालू ठेवा, ते इथेही कामी येईल. आणि प्रवेश पक्का करण्याआधी एक दिवस वर्ग भरलेला असताना आम्हाला बसू द्या, अशी विनंती शाळेला जरूर करा.