रॉकेट पेटतं कसं? वात, तार आणि साठ सेकंद



दिवाळीच्या सुट्टीनंतर मंद्रूपला शाळा भरली, तेव्हा वर्गातला एक मुलगा हाताला पट्टी बांधून आला. विचारलं तर म्हणाला, "सर, रॉकेटची वात विझली होती. परत पेटवायला गेलो अन् तेवढ्यात उडालं!" डोळे वाचले, हे नशीब. आज त्याच्या याच वाक्याचा अभ्यास करू या. वात खरंच विझली होती का?

वात काय करते?

वातीच्या आत दारू असते. ती जळत जळत रॉकेटच्या पोटात जाते. वात दमट असेल तर आतली ठिणगी हळू सरकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आपल्याला वाटतं, विझली! म्हणजे रॉकेट कधी उडणार हे वात ठरवते, आपण नाही. शिवाय ती पेटवायला हात जवळ न्यावाच लागतो.

तारेचा उपाय

अमेरिकेत १९५० च्या दशकात मुलं नळीत घरीच दारू भरून रॉकेट बनवायची आणि जखमी व्हायची. ते पाहून ओर्व्हिल कार्लाईल हे बुटांचे दुकानदार आणि हॅरी स्टाईन हे अभियंते यांनी १९५७ पासून कागदी रॉकेट आणि कारखान्यात बनलेलं इंजिन असा सुरक्षित छंद रुजवला. या छंदात रॉकेट विजेवर पेटवतात. त्यासाठी असतो इग्नायटर.

इग्नायटर म्हणजे एक बारीक तार. तिच्या टोकाला बहुधा पटकन पेटणाऱ्या मिश्रणाचा थेंब असतो. तो इंजिनाच्या तोंडातून आत, इंधनाला टेकेल असा बसवतात. दूरवर बटण दाबलं की वीज वाहते आणि तार तापते, अगदी इस्त्रीच्या कॉईलसारखी. मग थेंब पेटतो आणि त्यामुळे इंधन पेटतं. थेंब इंधनाला टेकला नसेल, तर तो एकटाच भुर्रकन जळून जातो आणि रॉकेट जागेवरच राहतं.

अशा वेळी काय करायचं? छंदवाल्यांचा नियम पक्का आहे: आधी चावी काढा किंवा बॅटरी सोडवा, मग ६० सेकंद थांबा. लहान इंजिनापासून १५ फूट आणि मोठ्यापासून ३० फूट लांब उभं राहायचं, हाही नियमच.

मोठ्या रॉकेटमध्येही इग्नायटरच

आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असतं. तेही इग्नायटरनेच पेटतं. त्याच्या एक्सएल प्रकारात बाजूला सहा छोटी इंजिनं असतात. चार जमिनीवर पेटतात आणि उरलेली दोन उड्डाणानंतर सुमारे २५ सेकंदांनी, आकाशात! तिथे काडी ओढायला कोण जाणार? आणि घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हणून पेटवण्याची वेळ आपल्या ताब्यात हवी.

अशा इंजिनांची पोलादी कवचं आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात बनली आहेत, बरं का!

करून पहा

साहित्य: दोन सेल, विजेरीचा बल्ब, ५ मीटर जोडतार, पुठ्ठा, दोन ड्रॉइंग पिना, एक यू-पिन.

बल्ब हा आपला इग्नायटर आणि यू-पिन ही चावी. बल्बजवळ जो जाईल, त्याच्याच खिशात यू-पिन असली पाहिजे. म्हणजे मागे कुणी चुकून बटण दाबूच शकणार नाही. आता दहापासून उलटे आकडे मोजा आणि यू-पिन जोडा.

आम्ही वर्गात हे केलं, तेव्हा मी बल्ब मुद्दाम सैल ठेवला होता. शून्य झालं, उजेड नाही. अर्धा वर्ग बल्बकडे पळाला! पट्टीवाला मुलगा मात्र जागेवरून ओरडला, "थांबा रे! चावी काढा, साठ मोजा!" धडा कुणाला कळला, ते मला समजलं.

लक्षात ठेवा

फटाक्यातली दारू काढू नका, घरी इंजिन किंवा इग्नायटर बनवू नका. कडब्याच्या गंजीजवळ रॉकेट उडवू नका. न उडालेल्या रॉकेटजवळ परत जाऊ नका. मोठ्यांना सांगा, ते बराच वेळ थांबून त्यावर लांबून बादलीभर पाणी ओततील.

स्वाध्याय

१. वात आणि इग्नायटर यांतले दोन फरक लिहा.
२. तार ५ ऐवजी २० मीटर घेतली तर बल्बच्या उजेडात काय फरक पडेल? का?
३. चावी बल्बजवळ जाणाऱ्याच्याच खिशात का हवी?

उत्तरं वहीत लिहा आणि घरी सर्वांना वाचून दाखवा.