तिकीट बडनेऱ्यापासून मोजा

सहार विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं आमची तिकिटं दोनदा वाचली आणि विचारलं, "काकू, मधल्या शहराचा व्हिसा आहे का?" मी म्हटलं, व्हिसा अमेरिकेचा आहे, लेकीकडे न्यू जर्सीला चाललो. ती म्हणाली, "पण तुमची तिकिटं दोन वेगवेगळी आहेत ना."

2023 च्या मे महिन्यातली ती मध्यरात्र. पायाशी चार बॅगा, त्यातल्या एकीत अमरावतीच्या उन्हात वाळवलेले सरगुंडे आणि कुरडया. शेजारी आमचे हे, सत्तरीला टेकलेले. आम्हाला विमानात चढू दिलं नाही.

झालं होतं ते असं. गावातल्या एका एजंटानं दोघांचे मिळून 31 हजार रुपये वाचतील असा मार्ग काढून दिला. मुंबईहून युरोपातल्या एका शहरापर्यंत एका कंपनीचं तिकीट, तिथून पुढे नेवार्कला दुसऱ्या कंपनीचं. पीएनआर दोन. एका तिकिटावर प्रवास असला की बॅगा सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातात आणि आपण विमानतळाच्या आतूनच विमान बदलतो. आमच्या बॅगा मात्र मधल्याच शहरात पट्ट्यावर येणार होत्या. त्या घ्यायच्या तर त्या देशात शिरायला हवं, आणि शिरायचं तर तिथला व्हिसा हवा. हे एजंटानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही न पोचल्यामुळे दुसरं तिकीटही वाया गेलं. दोन दिवस डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो, जावयांनी नवी तिकिटं काढली. 31 हजार वाचवायला गेलो आणि वर दीड लाखाच्या पुढे मोजले. ते लेकीच्या संसारातले पैसे होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून उन्हाळ्यात परदेशी निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: पीएनआर एक आहे की दोन? 23 जून 2025 च्या रात्री कतारनं आपलं आकाश काही तास बंद केलं आणि जगभरची विमानं अडकली. अशा वेळी एकाच तिकिटावर निघालेल्याला पुढच्या विमानात बसवणं कंपनीला भाग असतं. दोन तिकिटं जोडून निघालेल्याची दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडाची. भाव आपण मुंबईपासून पाहतो, पण खर्च बडनेऱ्याच्या नाहीतर अकोल्याच्या फलाटावर सुरू होतो. रेल्वे, टॅक्सी, मुंबईत कुठे टेकावं लागलं तर ते, सगळं त्याच कागदावर मांडा. नागपूरहून दोहा, शारजा अशी थेट विमानं सुटत आली आहेत. आपल्या तारखेला आहेत का ते आधी बघा. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, तीन तासांची गाडी. तिकीट पाच-सात हजारांनी महाग दिसलं तरी दोन म्हाताऱ्या माणसांचा रात्रभरचा प्रवास वाचतो. अकोल्याहून हेच अंतर अडीचशेच्या घरात जातं, तिथे हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं, आनंदच आहे. पण ते तिकीट वेगळं काढलं असेल तर मध्ये एक अख्खा दिवस ठेवा. रेल्वेचंही तसंच. विमानाचं तिकीट आपण चार महिने आधी काढतो, रेल्वेचं आरक्षण मात्र नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडतं. मे महिन्यात अमरावती एक्स्प्रेसची प्रतीक्षा यादी केवढी होते हे सांगायला नको. तो साठावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा.

आणि तारीख! अकोल्याच्या माझ्या वहिनीचं विमान 18 मेला रात्री 12.55 चं होतं. ती 17 च्या संध्याकाळी अकोल्याला गाडीत बसली. मुंबईला उतरली तेव्हा विमान कधीच गेलं होतं. 18 तारखेचं 12.55 म्हणजे 17 च्या रात्रीच विमानतळावर हवं, म्हणजे अकोला 16 लाच सोडायला हवं होतं.

स्वस्ताई खरी मिळते ती तारखा हलवून. गुगल फ्लाइट्सवर किंवा स्कायस्कॅनरवर महिनाभराचे भाव एकत्र दिसतात. तिथे पाहावं आणि तिकीट शक्यतो विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर काढावं. मुंबई-पुण्याच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस. म्हणून नातवंडांना घेऊन सिंगापूर-थायलंडला जायचं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा आधी बघा. मुंबई-पुणेकरांची गर्दी तेव्हा ओसरलेली असते. आमच्यासारख्या निवृत्तांना तर शाळेचं बंधनच नाही, पाडवा झाला की निघावं.

अमेरिकेचा व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाला पैसे देऊ नका. अर्जासाठी काढलेलं तिकीट लागत नाही. तिकिटात नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव मध्ये असतं, ते एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असं होतं. परतावा नाही असं छापलेलं तिकीट रद्द केलं तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं, तसा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ते मागून घ्या.

परवा राजापेठेतल्या एक बाई छापील कागद घेऊन आल्या. मुलाकडे टोरंटोला जायचं, पैसे देऊन आठ दिवस झाले होते. पीएनआर एकच होता, पण तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक कुठेच नव्हता. म्हणजे जागा नुसती धरून ठेवलेली, तिकीट निघालेलंच नाही. माझ्यासमोरच त्यांनी मुलाला फोन लावला. संध्याकाळी ई-तिकीट क्रमांक आला. आम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला, त्यांचं नाव उमटलं, आणि मगच मी चहा टाकला.