भाषांतराच्या कामाची मुदत संगणकावर कशी बसवावी



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घेण्याची गरज वरचेवर पडते. आईवडिलांना येथे बोलवायचे असो की भावंडांचा अर्ज भरायचा असो, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र यांपैकी काही ना काही मराठीत असतेच. हे काम हाती घेणाऱ्या लहानमोठ्या कचेऱ्या आता ते संगणकावर चालवतात. प्लुनेट, एक्सटीआरएफ, मेमोक्यू, स्मार्टलिंग अशी बरीच सॉफ्टवेअरे त्यासाठी आहेत. आपल्यापैकी काही बंधुभगिनी घरी बसून दोघातिघांच्या मदतीने हाच व्यवसाय करतात. त्यांना, आणि ज्यांना असे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे आहे त्यांनाही, मुदती आपोआप ठरवण्याची रीत समजावी म्हणून हा पाठ लिहिला आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची बटणे निराळी, पण हिशेब सगळीकडे एकच.

१. कायदा काय मागतो

इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, परभाषेतला कागद दिला की त्यासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण त्या दोन भाषांत काम करण्यास समर्थ आहोत, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. भाषांतरकाराजवळ सरकारी परवाना असावा अशी अट या नियमात नाही.

अर्जात काही कमी पडले तर खाते पुरावा मागणारी नोटीस पाठवते. उत्तरासाठी जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, आणि नोटीस देशातल्या देशात टपालाने आली असेल तर त्यात ३ दिवस मिळवतात. काही नोटिशींना याहून कमी मुदत असते. ही मुदत वाढवून मिळत नाही. शेवटच्या तारखेस उत्तर खात्याच्या हाती पडलेले असावे लागते, त्या दिवशी टपालात टाकून चालत नाही. मुदत टळली तर अर्ज सोडून दिला असे समजून तो नामंजूर होऊ शकतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत अशी नोटीस येण्याचे एक कारण ठरलेले आहे. भारतातला जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, आणि बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी गावी जन्मलेल्या पुष्कळांची जन्मनोंद सापडत नाही. मग नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे असा दुय्यम पुरावा गोळा करावा लागतो, आणि एका कागदाऐवजी पाचसहा कागद भाषांतराला येतात.

२. दोन प्रकारच्या मुदती

सॉफ्टवेअरमध्ये नवे काम उघडले की ते शेवटची तारीख विचारते. येथे पहिला नियम लक्षात ठेवावा. काही तारखा बाहेरून आलेल्या असतात आणि काही आपण ठरवलेल्या असतात. नोटिशीवर छापलेली तारीख बाहेरची. ती आपल्या हाताने, कागदावर पाहून घालावी आणि तिला कुलूप लावावे. बाकीच्या सर्व तारखा आतल्या. त्या यंत्राने मोजाव्यात आणि गरजेप्रमाणे हलवाव्यात.

पुष्कळ सॉफ्टवेअरांत तयार नमुना, म्हणजे टेम्पलेट, असतो. त्यात “काम उघडल्यापासून ५ दिवस भाषांतर, त्यानंतर ३ दिवस तपासणी” असे आकडे भरलेले असतात. ही मोजणी सुरुवातीकडून पुढे जाते. ठराविक तारखेच्या कामाला ती उपयोगी नाही. अशा कामात शेवटापासून मागे मोजावे. ही रीत संगणकाबरोबर आलेली नाही असे नव्हे, पण भाषांतराच्या धंद्याहून ती वेगळ्या जागी जन्मली. १९५७ साली ड्यूपाँट व रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी कारखान्यांच्या कामासाठी आणि १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी टप्प्यांची साखळी मांडून असा हिशेब बसवला. कोणता टप्पा एक दिवस लांबला तर सगळे काम लांबते आणि कोठे थोडी सवड आहे, हे त्यातून दिसते.

३. एक उदाहरण सोडवू

नोटीस ५ जानेवारी २०२६, सोमवारची आहे असे धरा. ८४ अधिक ३ असे ८७ दिवस मोजले की २ एप्रिल २०२६, गुरुवार येतो. तीच तारीख नोटिशीवर छापलेली आहे. आता मागे मोजू.

२ एप्रिल, गुरुवार: खात्याची शेवटची तारीख. कुलूप लावलेली.
२६ मार्च, गुरुवार: पाकीट पोचण्याची आपली तारीख. मध्ये एक आठवडा सवड.
२४ मार्च, मंगळवार: पाकीट कुरिअरने रवाना.
१७ ते २३ मार्च: वकिलांना कागद जुळवण्यास पाच कामाचे दिवस.
१६ मार्च, सोमवार: शेवटची मांडणी, भाषांतरकाराची सही, वकिलांकडे रवानगी.
१२ व १५ मार्च, गुरुवार व रविवार: घरच्या माणसांनी नावे व तारखा पाहाव्यात.
९ ते ११ मार्च, सोमवार ते बुधवार: दुसऱ्या माणसाकडून तपासणी.
६ ते ८ मार्च: मोकळे दिवस, अडचणीसाठी राखलेले.
५ मार्च, गुरुवार: भाषांतर पुरे.

भाषांतराला पाच दिवस लागतील असे धरले आहे. भाषांतरकार रविवार ते गुरुवार काम करतो. ३ मार्चला पुरीम आहे, ज्याला आपले जुने लोक होळीचा सण म्हणत. त्या दिवशी त्याची सुटी. म्हणून ५, ४, २ व १ मार्च आणि २६ फेब्रुवारी असे पाच दिवस मिळतात. काम २६ फेब्रुवारीला सकाळी सुरू झालेच पाहिजे, आणि सर्व कागदांच्या स्वच्छ प्रती २५ फेब्रुवारीस हाती हव्यात.

आता हिशेब पाहा. नोटिशीपासून २६ फेब्रुवारीपर्यंत ५२ दिवस होतात, आणि तेथून २ एप्रिलपर्यंत ३५. कुटुंबाला वाटते की आपल्याजवळ ८७ दिवस आहेत. खरे तर अलिबाग, पेण, पनवेलहून कागद मिळवायला त्यांच्याजवळ ५२ दिवसच आहेत. ही तारीख त्यांना पहिल्याच दिवशी कळवली पाहिजे. म्हणून “कागद येणे” हाही एक टप्पा सॉफ्टवेअरमध्ये घालावा आणि त्याची सूचना कुटुंबाकडे जाईल अशी व्यवस्था करावी. बहुतेक कचेऱ्या हा टप्पा घालतच नाहीत, कारण तो त्यांच्या कामाचा नसतो. आणि उशीर होतो तो बहुधा तेथेच.

४. दिवसांचा अंदाज

धंद्यात सर्वसाधारणपणे एका दिवसाचे दोन ते अडीच हजार शब्द धरतात, आणि सॉफ्टवेअर त्यावरून दिवस काढते. छापील मजकुराला हे ठीक आहे. परंतु हाताने भरलेला दाखला, पुसट शिक्का, मोडीतला जुना दस्त यांना शब्दांचा हिशेब लागू पडत नाही. साठ शब्दांच्या दाखल्यावरील एक सही वाचण्यात अर्धी सकाळ जाते. अशा कागदाला शब्दांऐवजी तास घालावेत.

५. सुट्यांचे कॅलेंडर

यंत्राला उपजत फक्त शनिवार-रविवारची सुटी व अमेरिकेच्या सरकारी सुट्या माहीत असतात. प्रत्येक कामकऱ्याचे स्वतंत्र कॅलेंडर भरावे. आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो, यंत्राचा मध्यरात्री. म्हणून शब्बाथ पाळणाऱ्याच्या नावावर केवळ शनिवार बंद करून भागत नाही, शुक्रवारची दुपारही बंद करावी. डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि शुक्रवारी पाच ही तर कचेऱ्यांची आवडती मुदत. आपले सण इंग्रजी तारखेस ठरलेले नसल्यामुळे “दरवर्षी हीच तारीख” हे बटण दाबू नये. पुण्याठाण्याच्या तपासनिसासाठी गणपती व दिवाळी याच रीतीने दरवर्षी नव्याने भराव्यात.

कायद्याची तारीख मात्र कोणाच्या सुट्या पाहत नाही. याचे दुसरे उदाहरण या देशातल्या मतपत्रिकांचे आहे. १९७५ साली वोटिंग राइट्स ॲक्टमध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार काही जिल्ह्यांत मतपत्रिका इंग्रजीखेरीज इतर भाषांतही छापाव्या लागतात. २०११ च्या यादीनंतर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बंगाली आली. आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे संघराज्याच्या निवडणुकीत, परदेशी असलेल्या ज्या मतदारांनी मतपत्रिका मागितली आहे, त्यांना ती मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवावी लागते. नोव्हेंबरातली ही निवडणूक नेहमी मंगळवारी असते. मंगळवारपासून ४५ दिवस मागे मोजा, दरवेळी शनिवारच येईल, आणि तोही सप्टेंबरातला, म्हणजे पुष्कळदा आपल्या मोठ्या सणांच्या आसपासचा. अशा कामात शेवटची तारीख हलत नाही, म्हणून आतली तारीख गुरुवारी आणून ठेवावी.

६. घड्याळाचा फरक

भारताचे घड्याळ वर्षभर एकच असते, अमेरिकेचे बदलते. २००७ पासून येथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूयॉर्क व मुंबई यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा व उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात हा बदल ८ मार्चला, भाषांतर व तपासणी यांच्या मध्येच येतो. ५ मार्चला न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात ६ मार्चच्या पहाटेचे साडेतीन झालेले असतात. पण ११ मार्चला पुण्याचे संध्याकाळचे सहा म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे साडेआठ. म्हणून तासांचा फरक हाताने घालू नये. प्रत्येक माणसाचे शहर घालावे, म्हणजे बदल यंत्र सांभाळते. शिवाय मुदत लिहिताना नुसती तारीख न देता वेळही द्यावी, नाहीतर “गुरुवार” कोणाचा, हा प्रश्न उरतो.

७. तपासनिसाचा वेळ राखावा

भाषांतराच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १७१०० (२०१५) यात, दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून तपासणी करणे आवश्यक धरले आहे. प्रत्यक्षात भाषांतराला उशीर झाला की कचेरी तपासणीचे दिवस कापते. सॉफ्टवेअरमध्ये तपासणीला “उरलेला वेळ” न देता ठराविक मुदत द्यावी, म्हणजे कापणाऱ्याला ती जाणूनबुजून कापावी लागेल.

आपल्या कागदांत हा वेळ फार मोलाचा आहे. १७९६ साली मुंबईत पहिली मशीद, म्हणजे आपले सिनेगॉग, बांधणारे समाजी हसाजी दिवेकर आणि सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे एकच गृहस्थ. अशी दोन तऱ्हांची नावे पुढच्या पिढ्यांच्या कागदांतही आढळतात. एका दाखल्यात वडिलांचे नाव एक, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात आडनावाच्या जागी गाव. भाषांतरकाराने आपल्या मनाने ती एकसारखी करू नयेत. कागदात जसे आहे तसेच लिहावे. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सांगणे वकिलाचे व प्रतिज्ञापत्राचे काम. परंतु असा फरक कोठे कोठे आहे याची यादी तपासनिसाने केली, तरच वकिलाला वेळेवर ते प्रतिज्ञापत्र करवून घेता येते. तीन दिवसांची तपासणी एका रात्रीत उरकली तर हा फरक खात्याच्या अधिकाऱ्याला प्रथम दिसतो.

८. कुलूप आणि सूचना

एक टप्पा लांबला की पुढचे सगळे आपोआप पुढे सरकवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. ती सोयीची खरी, पण कुलूप नसेल तर यंत्र शेवटची तारीखही निमूटपणे पुढे नेते आणि पडद्यावर सर्व काही वेळेवर दिसते. कुलूप असले की यंत्र सरकवू शकत नाही आणि तांबडी खूण दाखवते. ती खूण हवीच आहे.

सूचना मोजक्या असाव्यात. रोज येणारे पत्र कोणी वाचत नाही. अर्धी मुदत गेल्यावर एक आणि आदल्या दिवशी एक, एवढ्या पुरेत. त्यानंतरही काम आले नाही तर तिसरी सूचना काम करणाऱ्याला न पाठवता काम सोपवणाऱ्याला जावी, आणि त्याने दूरध्वनी उचलावा. आजारपण, वीज जाणे, न लागणारा शब्द या गोष्टी माणूस माणसाला सांगतो, यंत्राला सांगत नाही.

अभ्यासासाठी

(१) वरच्या उदाहरणात कागद २५ फेब्रुवारीऐवजी ४ मार्चला आले, तर कोठली सवड वापराल आणि कोठल्या टप्प्याला हात लावणार नाही?

(२) एखाद्या नोटिशीस ३० दिवसांचीच मुदत असेल, तर कोणते टप्पे एकाच वेळी चालवता येतील? भाषांतर झालेला एकेक कागद लगेच तपासणीला देता येईल काय?

(३) आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे कागद आज काढून पाहा. नावे, जन्मतारखा व गावे एका वहीत मांडा आणि फरक असेल तेथे खूण करा. नोटीस येण्यापूर्वी केलेल्या या कामाला कसलीच मुदत लागत नाही, आणि वेळ आली म्हणजे ५२ दिवसांतले निम्मे दिवस ते वाचवू शकते.