बदकांचा सत्याग्रह

राज्यशास्त्राच्या तासाला कायदेभंगाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दांडीचा किनारा येतो, शिरोड्याची मिठागरे येतात, फार तर चिरनेरचे जंगल येते. मीठ आणि लाकूडफाटा या वस्तू गरिबाच्या चुलीशी जोडलेल्या होत्या, म्हणूनच १९३० साली त्यांच्यावरील निर्बंध मोडायला माणसे घराबाहेर पडली. या मालिकेत बदकालाही जागा मिळू शकते, हे मात्र मला अगदी अलीकडे कळले. मे १९६१ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या गावात १३८ माणसे हातात मारलेली बदके घेऊन सरकारी अधिकाऱ्यापुढे उभी राहिली आणि आपल्यालाही अटक करावी, अशी त्यांनी मागणी केली. त्या घटनेची आणि तिच्या मागच्यापुढच्या कायद्याची हकीकत या लेखात सांगायची आहे. मी स्वतः कधी बंदूक हातात धरलेली नाही. शिकारीची भलावण करण्याचाही माझा हेतू नाही. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो जरा अवघड आहे.

आधी कायदा पाहू; कारण कायदा वाईट हेतूने झाला होता असे समजून चाललो तर पुढची सगळी गोष्ट फसवी ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पक्ष्यांची कत्तल हा व्यापार झाला होता. बदके, पाणलावे, रानकबुतरे मारून ती आगगाडीने मोठ्या शहरांतील हॉटेलांकडे रवाना होत. ज्या प्रवासी कबुतरांच्या थव्यांनी एके काळी आकाश झाकोळून जाई, त्यांतले शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. विशेष म्हणजे निर्बंध घाला म्हणून ओरड करणाऱ्यांत हौशी शिकारीच पुढे होते. त्यांचे म्हणणे साधे होते: वसंतात पक्षी घरट्याकडे निघालेला असतो, त्या वेळी एक जोडी मारली की त्या वर्षीचे पिल्लांचे अख्खे बिऱ्हाड मारल्यासारखे होते. यातूनच १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांविषयी करार झाला आणि १९१८ मध्ये त्यावर आधारलेला कायदा आला. मिसुरी राज्याने त्याला आव्हान दिले. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. आज इथे तर उद्या हजार मैलांवर असणाऱ्या पक्ष्यावर एका राज्याने मालकी सांगणे न्यायालयाला पटले नाही.

या करारातील कळीचे कलम तारखांचे आहे. १० मार्च ते १ सप्टेंबर या काळात शिकारीच्या पक्ष्यांना हात लावायचा नाही. मिसुरीत किंवा कॅलिफोर्नियात बसून पाहिले तर या तारखा शहाणपणाच्या आहेत. उन्हाळ्यात पक्षी उत्तरेला वाढतात, पानगळीत पोरांबाळांसह खाली येतात, मग शिकाऱ्याने आपला वाटा घ्यावा. पण हीच तारीख ७१ अंश उत्तर अक्षांशावर नेऊन ठेवा म्हणजे काय होते? बॅरोला आयडर जातीची बदके मे महिन्यात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये नर परत फिरतात, त्यांच्यामागून माद्या आणि पिल्ले. शिकारीला परवानगी मिळते तोवर बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात आणि काही आठवड्यांत पाणी गोठू लागते. दक्षिणेतल्या माणसाला कायद्याने वर्षातले काही महिने दिले. उत्तरेतल्या माणसाला रिकामे आकाश दिले.

करार लिहिताना उत्तरेकडील लोकांचा विचारच झाला नाही असेही नाही. 'एस्किमो व इंडियन' यांनी पफिन, ऑक, मर यांसारखे समुद्रपक्षी अन्नासाठी वर्षभर मारावेत, अशी सवलत त्यात आहे. स्कोटर या बदकाचीही सवलत इंडियनांना दिली आहे. फक्त आयडर आणि हंस, म्हणजे ज्यांच्यावर गावेच्या गावे जगत होती ते पक्षी, यादीत नाहीत. ज्यांच्या ताटाविषयी निर्णय चालला होता त्यांच्यापैकी कोणी त्या टेबलाशी बसलेले नव्हते, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

बॅरोतले लोक इनुपिआत. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. वसंतात समुद्रावरच्या बर्फात लांब भेगा पडून पाणी उघडे होते, त्या पाण्याच्या कडेने देवमासे जातात आणि वरून आयडरच्या रांगाच्या रांगा जातात. देवमाशाची वाट पाहत बर्फावर तळ ठोकलेल्या माणसांचे त्या दिवसांतले ताजे अन्न म्हणजे ही बदके. हिवाळ्याची साठवण तोवर सरत आलेली असते. बेगमी हा शब्द आपल्याकडे पापड-लोणच्यांपुरता उरला असला तरी त्याचा मूळ धाक अशा ठिकाणी समजतो. कायदा होऊन चाळीस वर्षे झाली तरी त्याची अंमलबजावणी इतक्या लांब फारशी कोणी केली नव्हती. १९५९ मध्ये अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर चित्र बदलले. संघसरकारच्या शिकार-निरीक्षकांनी १९६१ च्या वसंतात बॅरोकडे मोर्चा वळवला.

हॅरी पिंकहॅम या निरीक्षकाने आयडर मारल्याबद्दल पकडलेल्यांत जॉन नुसुनगिन्या होते, आणि हे गृहस्थ अलास्काच्या विधिमंडळाचे सदस्य होते! गावात बातमी पसरली. पुढचे श्रेय बऱ्याच अंशी सेडी नीकोक या बाईंना जाते. त्या गावच्या मॅजिस्ट्रेट. ज्यांच्यापुढे आरोपी उभे करायचे, त्यांनीच गावकऱ्यांना सुचवले की एकदोघांना पकडू देण्यापेक्षा सगळ्यांनीच बदके घेऊन जावे. न्यायासनाच्या शिष्टाचारात हे कितपत बसते, याचा निवाडा कायद्याच्या प्राध्यापकांनी करावा. गाव सभागृहात जमले. निरीक्षकापुढे एकेक माणूस आपले बदक दाखवी आणि ते आपण मारल्याच्या निवेदनावर सही करी. अशी १३८ निवेदने झाली.

आता अडचण सरकारची झाली. एवढ्या लोकांना ठेवायला तुरुंग कुठला? त्यांच्या मुलाबाळांना पोसणार कोण? राज्याच्या सिनेटचे सदस्य एबेन हॉप्सन यांनी गावाची बाजू उचलून धरली. अध्यक्ष केनेडी यांच्याकडे सह्यांचा अर्ज गेला. अखेर सर्व आरोप मागे घेण्यात आले. कायद्यातले अक्षर बदलले नाही. तो त्या गावात बजावायचा नाही, एवढेच ठरले.

मी शीर्षकात याला सत्याग्रह म्हटले आहे, ते थोडे सैल अर्थाने. शिक्षा भोगून प्रतिपक्षाचे मन पालटावे, असा काही तात्त्विक संकल्प या लोकांनी सोडला नव्हता. एवढ्यांना पकडता येणार नाही, हा सरळ हिशेब त्यात होता. पण लपून मारलेले बदक आणि अधिकाऱ्यासमोर आणून ठेवलेले बदक यांत जो फरक आहे तो त्यांना नेमका कळला होता. पहिल्याने माणूस चोर ठरतो, दुसऱ्याने तो हक्क सांगतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बॅरोला इनुपिआत गावांची परिषद भरली. किनाऱ्यावर अणुस्फोट करून बंदर खोदण्याची सरकारी योजना तेव्हा विचाराधीन होती. बदके आणि अणुबाँब हे दोन विषय एका सभेत आले ते असे. १९६२ मध्ये हॉवर्ड रॉक यांच्या संपादकत्वाखाली 'टुंड्रा टाइम्स' निघाले. जमिनीच्या हक्काची चळवळ वाढली आणि १९७१ च्या कायद्याने अलास्कातील मूलनिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन व ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. पण त्याच कायद्यातील एका कलमाने त्यांचे परंपरागत शिकारीचे व मासेमारीचे हक्क संपुष्टात आणले. जिथून चळवळ निघाली तोच धागा तडजोडीत तुटला. हे वाचून मला राहून राहून आपल्याकडच्या फासेपारध्यांची आठवण झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तितर-लावऱ्यांवर जगणाऱ्या या जमातीचा धंदा गुन्हा ठरला. तिच्या हाती जमीनही आली नाही.

इथपर्यंत सहानुभूती ठेवणे सोपे आहे. परंतु आता युकॉन आणि कस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशाकडे वळले पाहिजे. तेथे युपिक लोकांची गावे आहेत आणि तेथेच घरटी करणारे कॅकलिंग हंस हिवाळ्यात कॅलिफोर्नियात उतरतात. १९६०-७० च्या दरम्यान हे हंस सुमारे चार लाख होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास उरले. कॅलिफोर्नियाचे शिकारी म्हणत, उत्तरेत वसंतात अंडी आणि पक्षी घेतले जातात म्हणून. युपिक म्हणत, दक्षिणेत हजारो बंदुका हौसेखातर चालतात म्हणून. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघांनाही आपली बंदूक निष्पाप वाटत होती. १९८४ मध्ये हूपर बे येथे दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. उत्तरेत हे हंस व त्यांची अंडी घ्यायची नाहीत, दक्षिणेत त्यांची शिकार बंद, असा करार झाला. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग हा आहे, १९६१ चा नव्हे.

गंमत अशी की या समझोत्याविरुद्ध अलास्कातील हौशी शिकाऱ्यांच्या संघटनाच न्यायालयात गेल्या. मूळ करार वसंतातील शिकारीला मनाई करतो, मग सरकार त्या शिकारीला संमती देणारा समझोता करतेच कसे? १९८७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा मुद्दा उचलून धरला. म्हणजे पक्षी वाचवणारी व्यवस्था बेकायदा आणि कोणीही न पाळलेला नियम कायदेशीर, अशी अवस्था झाली. मूळ करारच बदलल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. कॅनडाबरोबरची दुरुस्ती १९९५ मध्ये सह्या होऊन १९९७ मध्ये अमेरिकन सिनेटने मंजूर केली. मूलनिवासी, राज्य आणि संघसरकार यांचे संयुक्त मंडळ २००० साली स्थापन झाले. अलास्कातील वसंताची शिकार कायदेशीरपणे प्रथम सुरू झाली ती २००३ साली, बॅरोच्या त्या सभेनंतर जवळजवळ बेचाळीस वर्षांनी. कॅकलिंग हंसही पुन्हा वाढले. इतके की हिवाळ्यात ते आता ऑरेगॉनमध्ये उतरतात आणि तेथील शेतकरी ते पिके खातात म्हणून तक्रार करतात.

बॅरोने २०१६ मध्ये आपले जुने नाव उत्कियाग्विक पुन्हा घेतले. तेथे आता नवी चिंता आहे. स्टेलरचा आयडर हे लहानसे बदक अलास्कात फार थोडे उरले आणि १९९७ साली त्याला संरक्षण मिळाले. ते घरटी करते ती नेमकी याच गावाच्या आसपासच्या दलदलीत. चष्मेवाला आयडरही १९९३ पासून संरक्षित आहे. दोन्ही मारायला बंदी. राजा आयडर मात्र चालतो. हंगामात बर्फावर धुके असते, थवा खालून आणि वेगाने येतो, आणि शिकाऱ्याला घोडा दाबण्यापूर्वी चोचीवरून, आकारावरून जात ओळखावी लागते.