मधुमेहींचा परस्पर आधार : उपयोग, रीत आणि मर्यादा

ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराच्या बाबतीत या म्हणीचा प्रत्यय पदोपदी येतो. विषमज्वराचा रुग्ण औषधोपचाराने काही आठवड्यांत बरा होतो आणि आजारपण विसरून जातो. मधुमेहाचे तसे नाही. तो एकदा जडला की बहुतेकांना जन्मभर सांभाळावा लागतो. रुग्ण दर महिन्याला नियमाने आरोग्य केंद्रात गेला आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटे दिली, असे धरले तरी वर्षाकाठी ही भेट दोन तासांची होते. वर्षाचे एकूण तास ८,७६०. उरलेले ८,७५८ तास रुग्णाला आपल्या घरात, शेतात, कचेरीत, लग्नाच्या पंक्तीत आणि जत्रेच्या गर्दीत स्वतःच्या बुद्धीने काढावे लागतात. या तासांत त्याने कोणाला विचारावे, काय विचारावे आणि काय विचारू नये, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणी झालेल्या सर्व राज्यांत सर्वाधिक होते. ढोबळमानाने बोलायचे तर चाळीस प्रौढ माणसांच्या एखाद्या वाड्यावर दहाजण मधुमेही असण्याचा संभव आहे. परंतु या दहाजणांना परस्परांचा आजार ठाऊक असतोच असे नाही. एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच देवळात आरतीला उभी राहणारी माणसे हा आजार एकेकटी सोसत असतात. दहाजणांचे दहा निरनिराळे अनुभव त्या वाड्यावर असतात. पण ते एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत.

कल्पनेचा पूर्वेतिहास

रुग्णांनी रुग्णांना आधार द्यावा ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरुग्णांचा एक वर्ग सुरू केला. क्षयावर गुणकारी औषध त्या काळी नव्हते. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार एवढेच उपाय होते. हे रुग्ण आठवड्यातून एकदा एकत्र जमत, घरी ठेवलेल्या नोंदवह्या दाखवीत आणि कोणाचे वजन किती वाढले ते सर्वांसमक्ष पाहत. एकाची प्रगती पाहून दुसऱ्याला हुरूप येतो, हे प्रॅट यांच्या ध्यानात आले.

मधुमेहाच्या बाबतीतला दाखला अधिक बोलका आहे. लंडनमधील डॉ. आर. डी. लॉरेन्स हे तरुणपणीच मधुमेहाने ग्रस्त झाले. इन्सुलिन तेव्हा उपलब्ध नव्हते. आपले दिवस भरत आले असे समजून ते इटलीतील फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिले. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रुग्णाला टोचण्यात आले. १९२३ मध्ये लंडनच्या सहकाऱ्याने इन्सुलिन मिळाल्याचे कळविताच लॉरेन्स परतले आणि पुढे १९६८ पर्यंत जगले. याच लॉरेन्स यांनी प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह १९३४ साली मधुमेहींची संघटना स्थापन केली. वेल्स हेही मधुमेही होते. एक वैद्यकशास्त्र जाणणारा, दुसरा लेखणी चालविणारा. दोघांना जोडणारा दुवा हा आजारच होता. औषध हाती आल्यानंतरही रुग्णांना एकमेकांची गरज उरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रश्नांचे तीन वर्ग

येथे एक मूलभूत भेद ध्यानी घेतला पाहिजे. मधुमेही माणसाला पडणारे प्रश्न तीन प्रकारचे असतात.

पहिला वर्ग जगण्याच्या रीतीचा. शीत-कडीचे जेवण सोडवत नाही, मग भाताचे प्रमाण कसे ठरवावे? चतुर्थीच्या दिवसांत दहा घरी नेवऱ्या पुढे येतात आणि ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह होतो, तो न दुखवता कसा मोडावा? वीज गेली असता इन्सुलिनची बाटली कशी जपावी? अशा प्रश्नांना समदुःखी माणसासारखा सल्लागार नाही. भात ताटात अंदाजाने न वाढता घरातील एकाच ठराविक वाटीने मोजून घ्यावा, ही युक्ती दुसऱ्या मधुमेही गृहिणीकडूनच कळते. ओले ठेवलेले मातीचे मडके सावलीत ठेवून त्यात कोरड्या भांड्यात बाटली ठेवली तर ती उन्हाळ्यातही बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते, हे ज्याने करून पाहिले तोच खात्रीने सांगू शकतो. बाटलीला बर्फ लागू देऊ नये आणि उघडलेली बाटली सामान्यतः चार आठवड्यांत संपवावी, ही सूचनाही तो त्यासोबत देतो.

दुसरा वर्ग औषधाचा. गोळी किती, इन्सुलिन किती, कोणते औषध थांबवावे, कोणते नवे घ्यावे, हे प्रश्न डॉक्टरांचेच आहेत. दोन मधुमेहींचे वय, वजन, मूत्रपिंडांची स्थिती व आजाराचा प्रकार सारखा नसतो. म्हणून एकाला मानवलेली मात्रा दुसऱ्याला घातक ठरू शकते.

तिसरा वर्ग या दोहोंच्या सीमेवरचा. एकादशीचा उपवास करावा काय? ताप किंवा जुलाब असताना जेवण जात नाही, तेव्हा औषध घ्यावे काय? पायाला मुंग्या येतात, त्याचा अर्थ काय? असे प्रश्न मंडळात अवश्य बोलावे, पण उत्तर तेथे ठरवू नये. चार जणांच्या बोलण्यातून प्रश्न नेमका होतो. तो वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा; तब्येत बिघडलेली असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी विचारावे. दहा मिनिटांच्या भेटीत नेमके काय विचारावे हे कळणे, हाही मंडळाचा मोठाच लाभ होय.

हा भेद न पाळल्यास काय घडते ते पाहू. समजा, आरोग्य केंद्राच्या बाकावर दोन रुग्ण शेजारी बसले आहेत. एकजण म्हणतो, “मी रोज रात्री तळपायाखाली आरसा धरून भेग, फोड पाहतो, तुम्हीही पाहत चला.” हा सल्ला एखाद्याचा पाय वाचवू शकतो, कारण दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि जखम दुखतच नाही. दुसरा म्हणतो, “मी कारल्याचा रस सुरू केला आणि इन्सुलिन सोडून दिले, तुम्हीही सोडा.” दोघांचा हेतू सारखाच निर्मळ आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसेल, तर ते बंद केल्यावर रक्तात आम्ले साचून थोड्याच दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकते. सल्ला देणाऱ्याचा चांगुलपणा हे सल्ल्याच्या सत्यतेचे प्रमाण नव्हे, एवढे प्रत्येक रुग्णाने मनात पक्के करावे.

लपवाछपवीचे ओझे

पुष्कळ रुग्ण, विशेषतः तरुण मुली व नवविवाहिता, आपला आजार लपवितात. लग्न मोडेल, सासरी बोल लागेल, नोकरीत कमीपणा येईल, अशी भीती असते. मग इन्सुलिन न्हाणीघरात चोरून घेतले जाते, पाहुणे असले म्हणजे चुकविले जाते, आणि भोवळ आली तरी कारण सांगितले जात नाही. रक्तातील साखर अचानक उतरल्यास घाम, थरथर, भूक व गोंधळल्यासारखी अवस्था होते. अशा वेळी जवळच्या माणसाला आजार ठाऊक नसेल तर मदत मिळण्यास विलंब लागतो. सर्व जगाला सांगण्याचे धैर्य एकदम येत नाही. परंतु ज्या स्त्रीने हेच दिवस काढले आहेत अशा एका वडीलधाऱ्या बाईजवळ मन मोकळे करता आले, तर घरात कसे सांगावे याचा मार्ग सापडतो. हा दिलासा औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

शिक्षकांसाठी

लहान वयात होणारा मधुमेह बहुधा निराळ्या प्रकारचा असतो. त्यात प्रारंभापासूनच इन्सुलिन घ्यावे लागते. तो गोड खाल्ल्याने होत नाही व संसर्गाने पसरत नाही. असा विद्यार्थी वर्गात असल्यास शिक्षकांनी त्याला वेळेवर खाण्याची, रक्त तपासण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक द्यावी. साखर उतरल्याची चिन्हे दिसताच, मूल शुद्धीवर व गिळू शकत असल्यास, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये; कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याच्या आजाराविषयी इतर मुलांना सांगावयाचे ते त्याच्या व पालकांच्या संमतीनेच. आपल्यासारखे दुसरे मूल आहे हे अशा मुलाला माहीतच नसते. शेजारच्या शाळेत तसे कोणी असल्यास, दोन्ही कुटुंबांच्या अनुमतीने त्यांची गाठ घालून द्यावी.

मंडळ कसे चालवावे

१. आरंभी सहा ते पंधरा माणसे पुरेत. संख्या फार वाढली की बोलके बोलतात आणि भित्रे गप्प बसतात.

२. जागा सर्वांना मोकळेपणी येता येईल अशी असावी : पंचायतीचे सभागृह, वाचनालय, शाळेचा वर्ग किंवा आरोग्य उपकेंद्राचा व्हरांडा. महिन्यातून एक ठराविक वार व वेळ असावी. स्त्रियांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी.

३. प्रमुख म्हणून सर्वांत विद्वान माणूस नको. स्वतः आजार निष्ठेने सांभाळणारा व दुसऱ्याचे ऐकून घेणारा माणूस निवडावा.

४. बैठकीत ऐकलेली कोणाचीही खाजगी गोष्ट बाहेर नेऊ नये. हा नियम मोडला तर मंडळ मोडते.

५. औषधाची मात्रा कोणी कोणास सुचवू नये. औषधे, चूर्णे, काढे यांची विक्री व जाहिरात मंडळात होऊ देऊ नये. आपली औषधे दुसऱ्यास देऊ नयेत.

६. दर दोन-तीन बैठकींतून एकदा परिचारिका किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यास बोलवावे आणि जमलेले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत.

७. वर्षातून एकदा डोळ्यांची, पायांची व मूत्रपिंडांची तपासणी कोणाची राहिली आहे, याची आठवण परस्परांना द्यावी. शक्यतो सोबतीने जावे.

८. ज्याचे आकडे वाढले त्यास टोचून बोलू नये. तो पुढच्या वेळी आकडे लपवील किंवा येणेच सोडील.

मर्यादांचे भान

परस्पर आधाराने आजार बरा होतो, असा दावा कोणी करू नये. केरळ राज्यातील नेय्याट्टिनकरा तालुक्यात मधुमेहाचा धोका अधिक असलेल्या १,००७ व्यक्तींवर एक प्रयोग करण्यात आला. त्यात काही गावांतील गट त्यांच्यातीलच प्रशिक्षित माणसांनी वर्षभर चालविले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांअखेर नव्याने मधुमेह होण्याच्या प्रमाणात निश्चित म्हणता येईल असा फरक आढळला नाही. मात्र गटातील लोकांचे मद्यपान कमी झाले, फळे व भाज्या खाण्याचे प्रमाण वाढले आणि शारीरिक हालचालींच्या बाबतीत त्यांची स्थिती सुधारलेली आढळली. या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही. मंडळाकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे त्यावरून कळते. मंडळ औषधाची जागा घेत नाही. औषध घेणाऱ्या माणसाचे दिवस ते सुसह्य करते आणि चांगल्या सवयी टिकविण्यास हात देते.

पंचायतींनी जागा द्यावी, आरोग्यसेविकांनी प्रश्न ऐकण्यास वेळ काढावा, शिक्षकांनी सूचना वाचण्यास व नोंदी ठेवण्यास साहाय्य करावे. परंतु आरंभ रुग्णांनीच केला पाहिजे, आणि त्यास दोन माणसे पुरतात. आरोग्य केंद्रात रक्त तपासणीच्या पुढच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या माणसास, “तुम्हांला किती वर्षे झाली?” एवढे आपुलकीने विचारावे. ज्या वाड्यावर दहाजण हा भार एकेकटे वाहत आहेत, तेथे तो वाटून घेण्याची सुरुवात या एका प्रश्नाने होऊ शकते.